थंडी दोन तासांची, ऊन दिवसभराचं: साताऱ्याच्या छोट्या गडांवर हिवाळ्यातला एक दिवस

डिसेंबर लागला की आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "यंदा कुठला डोंगर?" मग तारीख ठरते, गाड्या ठरतात आणि बोलणं फिरून फिरून थंडीवर येतं. कुणी दोन स्वेटर घालतो, कुणी आतून थर्मल चढवतो, कुणी घरातली सगळ्यात जाड जर्किन काढतो. पहाटे पायथ्याशी सगळे कुडकुडत उभे असतात. साडेनऊला तेच सगळे माथ्यावर घामाघूम बसलेले असतात, जर्किन कमरेला बांधलेलं आणि पाण्याची बाटली रिकामी.

साताऱ्याच्या आसपासचे छोटे डोंगर मी बरीच वर्षं हिवाळ्यात मित्रांबरोबर चढतोय. नवख्या माणसाची चूक दर वेळी एकच असते. तो पहाटेच्या गारठ्याची तयारी करून येतो आणि नंतरच्या सहा तासांची विसरतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

डोंगर कुठला घ्यायचा

छोटा डोंगर म्हणजे सोपा डोंगर, असं धरून चालू नका. पण आमच्याकडे पायऱ्या आयत्याच लागलेल्या आहेत. पहिली पायरी अजिंक्यतारा. शहरापासून साधारण ३०० मीटर उंच, वरपर्यंत डांबरी रस्ता, आणि पहाटे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ. ज्याला आपला दम किती हेच ठाऊक नाही, त्याने आधी आठ-पंधरा दिवस इथे चढून बघावं. मंगळाई देवीच्या देवळापर्यंत न थांबता, शेजारच्याशी बोलत जाता आलं तर पुढच्या डोंगराला हरकत नाही. बोलताना वाक्य तुटत असेल तर अजून थोडे दिवस इथेच काढा.

दुसरी पायरी वर्धनगड. सातारा-पंढरपूर रस्त्यालाच गाव आहे, गावातूनच वाट चढते आणि चढ फार लांबत नाही. लहान मुलं किंवा साठीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर मी हाच गड सुचवतो, कारण कुणाला मध्येच उतरावंसं वाटलं तर गाव डोळ्यांसमोर असतं. सज्जनगडाला पायऱ्या आहेत, वाहन बरंच वर जातं आणि समर्थांच्या समाधीमुळे माणसांचा राबता असतो. तिथे चालणं कमी होतं, पण घरच्या मंडळींना न्यायला उत्तम.

तिसरी पायरी म्हणजे कोरेगाव तालुक्यातला कल्याणगड ऊर्फ नांदगिरी, वाईकडचा वैराटगड आणि चंदन-वंदनची जोडी. इथे पूर्ण सकाळ हाताशी हवी. कल्याणगडाच्या गुहेत पाणी साचलेलं असतं, त्यातून चालत आत जावं लागतं. आत पार्श्वनाथाची नि दत्ताची मूर्ती आहे. हिवाळ्यात गुहा बघायची असेल तर ती उतरताना, ऊन चढल्यावर बघा. सकाळी सातला भिजलेली पँट घेऊन वाऱ्यावर चढणं अंगाशी येतं.

सांगलीकरांना इतकं लांब यायची गरज नाही. मिरज-पंढरपूर रस्त्याकडचा दंडोबा, वाळवा तालुक्यातला मच्छिंद्रगड, सागरेश्वरचा परिसर, सगळं अर्ध्या दिवसात होतं. खाली सांगितलेलं बहुतेक सगळं तिथेही लागू पडतं.

थंडी नेमकी कुठे असते

ही गोष्ट समजली की निम्मी तयारी आपोआप सुधारते. आपल्याला वाटतं, वर जाईल तसं गार होईल. दिवसा ते खरंच आहे. पण हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे उलटं होतं. रात्रभर जमीन थंड होत जाते, तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात जाऊन साठते. म्हणून पहाटे सहाला सगळ्यात बोचरी थंडी पायथ्याच्या ओढ्याकाठी, उसाच्या फडाशेजारी असते, आणि शे-दीडशे मीटर चढलात की अंगाला एकदम ऊब लागते. महाबळेश्वरातसुद्धा दव गोठून पांढरे कण दिसल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरातून, डोंगराच्या टोकावरच्या पॉइंटवरून नव्हे.

आपल्या छोट्या गडांवर दव सहसा गोठत नाही, पण दहिवर मात्र भरपूर पडतं. गुडघाभर वाळकं गवत त्याने इतकं ओलं होतं की दहा मिनिटांत पावसात चालल्यासारखे बूट भिजतात. हे दहिवर सावलीच्या अंगाला नऊ-साडेनऊपर्यंत टिकतं. डोंगराची पश्चिमेची बाजू चढत असाल तर तेवढा वेळ ऊन मिळणार नाही, हे गृहीत धरा. पूर्वेच्या सोंडेवरून चढलात तर सव्वासातलाच उन्हात याल.

अंगावर काय, पिशवीत काय

चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पायथ्याशी उबदार वाटतंय म्हणजे कपडे जास्त झाले. दहा मिनिटांत घाम येईल, कपडा भिजेल, आणि खिंडीत वारा लागला की खरं गारठायला होईल. हिवाळ्यातल्या डोंगरावर माणूस गारठतो तो बहुतेक वेळा स्वतःच्या घामाने.

त्यासाठी सुती बनियन घालू नका. सुती कपडा घाम धरून ठेवतो. खेळताना घालतात तसला पटकन वाळणारा टीशर्ट आतून, त्यावर एक स्वेटर आणि सगळ्यात वर पातळ विंडचीटर. यातला स्वेटर चढ सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला काढायचा आणि माथ्यावर बसल्यावर परत घालायचा. याला आळस करू नका. "पुढच्या वळणावर काढतो" म्हणणाऱ्याचा स्वेटर वर जाईपर्यंत ओला होतो. एक कोरडा टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. माथ्यावर पोचलात की ओला काढून तो घाला. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर बसून भाकरी खाताना जे सुख लागतं ते करून बघाच. कानटोपी हवी, मफलर हवा, दोन जोड मोजे हवेत.

बसायला आम्ही एक जुनी घोंगडी नेतो, माणदेशातली, मेंढीच्या लोकरीची. थोडी जड होते, टोचते, पण ओल्या दगडावर अंथरली तरी खालून गारवा येऊ देत नाही. सहा जणांत एक पुरते, आणि ती उचलायची पाळी ठरवून घ्यायची.

पँट मात्र लोकरीची किंवा जाड विणीची नको. कारण कुसळं. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावरचं गवत वाळून पिकलेलं असतं आणि त्याचं एकेक कुसळ सुईसारखं टोकदार असतं. एका बाजूला बारीक उलटे केस, त्यामुळे ते आत शिरतं, बाहेर येत नाही. चालताना प्रत्येक पावलाला जरा जरा पुढे सरकतं. मोज्यात शिरलेलं एक कुसळ घोट्याला तासभर टोचत राहिलं की माणूस लंगडायला लागतो. गुळगुळीत नायलॉनची ट्रॅकपँट घाला आणि तिची टोकं बुटांवरून खाली ओढून घ्या. कुसळ काढताना शेपटीला धरून ओढू नका, तुटून टोक आतच राहतं. मोजा उलटा करा आणि टोक ज्या बाजूने बाहेर आलंय त्याच बाजूने पुढे ओढून काढा. पिशवीत एक छोटा चिमटा असू द्या.

बूट नवे असतील तर त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. तळव्याची नक्षी झिजलेले बूट मुरुमावर घसरतात. बाकी फार खर्च करायची गरज नाही.

पाणी माणशी अडीच लिटर. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून लोक एक बाटली आणतात. हवा कोरडी असते, घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो आणि अकरा वाजता डोकं दुखायला लागतं. ते उन्हाने दुखतंय असं वाटतं, पण बहुतेकदा पाणी कमी पडलेलं असतं. दर अर्ध्या तासाला सगळ्यांनी मिळून चार-चार घोट घ्यायचे, तहान असो वा नसो. गडावरच्या टाक्यांतलं पाणी तसंच पिऊ नका. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर घालून ठेवा.

याशिवाय बॅटरी (डोक्याला बांधायची असेल तर हात मोकळे राहतात), चिकटपट्टी, कापूस, क्रेप बँडेज, ओठांना लावायला थोडं तूप किंवा खोबरेल. कुणाला दम्याचा त्रास असेल तर पंप त्याच्याच शर्टाच्या खिशात हवा, दुसऱ्याच्या पिशवीत नको. गार हवा एकदम छातीत गेली की दमा उचल खातो, म्हणून अशा माणसाने मफलर नाकावरून घ्यावा आणि सुरुवात अगदी सावकाश करावी. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि पहाटेचा हट्ट सोडून ऊन आल्यावर निघावं.

पायथ्यापर्यंतचा रस्ता

सगळ्या दिवसात मला सर्वांत जास्त काळजी या तासाभराची वाटते. हा ऊसतोडीचा हंगाम. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला असतो. पुढे ट्रॉली आहे हे वीस फुटांवर गेल्यावर कळतं. गाडी चाळीसच्या वर नको, आणि दुचाक्यांनी एकमेकांच्या शेजारून गप्पा मारत जायचं नाही. दुचाकीवर वारा छातीवर थेट बसतो. त्यावर जुना उपाय म्हणजे स्वेटर आणि विंडचीटरच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी घालायची. पायथ्याला पोचल्यावर काढून ठेवायची, परतीला परत घालायची.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात साताऱ्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. उजेड त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं फुटतो. म्हणजे पावणेसातला पायथ्यावरून निघालं की बॅटरीची गरज फारशी पडत नाही आणि सूर्योदय वाटेवर मिळतो. माथ्यावरूनच सूर्योदय बघायचा हट्ट असेल तर अंधारात चढावं लागेल, आणि ते फक्त पायाखालच्या, आधी चढलेल्या डोंगरावर करा.

प्रत्यक्ष दिवस: चंदन-वंदन

पुणे-सातारा महामार्गावर भुईंजच्या बाजूने किकलीकडे वळायचं. किकलीत भैरवनाथाचं जुनं कोरीव देऊळ आहे, आवारात वीरगळ आहेत. ते येताना बघा, जाताना थांबलात तर अर्धा तास गेलाच. पुढे बेलमाचीकडून दोन गडांच्या मधल्या खिंडीत चढायचं. एका हाताला वंदन, दुसऱ्या हाताला चंदन. वंदन उंच आहे, म्हणून पाय ताजे असताना आधी तो, मग चंदन.

गावात गाडी लावताना कुणाच्या खळ्यात, गोठ्याच्या वाटेत लावू नका. घरासमोर आजी-आजोबा शेकोटीला बसलेले असतात. "बाबा, खिंडीची वाट हीच ना?" एवढं विचारलं तरी वाटेची निम्मी माहिती मिळते: कुठलं वळण सोडायचं, कुठल्या बाजूला यंदा दरड आलीय, मोहोळ कुठे बसलंय. चहा देतात, तो नाकारू नये. इथेच पाच मिनिटं शेकून घ्या, कारण वर शेकोटी करायची नाही.

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. थंडीत स्नायू आखडलेले असतात, आणि गारठा घालवायला लोक पहिल्याच चढाला पळत सुटतात. पिंढरीत गोळा येतो तो तिथेच. सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढून दुसरा ठेवा. शेवटी ठेवलात तर तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती झालेली असते, तो आला की सगळे उठतात आणि त्याला बसायलाच मिळत नाही. पिछाडीला वाट माहीत असलेला, शांत स्वभावाचा माणूस हवा.

आणि फाट्यावर थांबायचं. हा नियम आम्ही इथेच शिकलो. काही वर्षांपूर्वीच्या एका सकाळी खिंडीखाली दाट धुकं होतं. आमच्यातले दोघं जोरात पुढे गेले. मागच्या चौघांना फाट्यावर दोन वाटा दिसल्या, दोन्ही सारख्याच मळलेल्या. आम्ही रुंद वाट धरली. पंधरा मिनिटांनी ती आडवी व्हायला लागली, मग करवंदीच्या जाळ्या आल्या, मग शेण दिसायला लागलं आणि कळलं की ही ढोरवाट. गुरं चरायला आडवी जातात, वर जात नाहीत. पुढचे दोघं खिंडीत, आम्ही उतारावर, आवाज येतोय पण धुक्यात दिशा कळत नाही. पाऊण तास गेला. एकाने थेट वर चढायचा प्रयत्न केला, मुरूम सुटला आणि तो दहा-बारा फूट घसरून जाळीत अडकला. हाताला खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून नियम असा: फाटा आला की पुढचा थांबणार, शेवटचा माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय कुणीही पुढे पाऊल टाकणार नाही. आणि वाट चुकली असं वाटलं तर वर किंवा खाली न घुसता आल्या पावली शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे यायचं. ढोरवाट ओळखायची खूण लक्षात ठेवा: ती चढत नाही, तिला फाटे फुटत जातात आणि तिच्यावर बुटांचे ठसे नसतात.

खिंडीत वारा असतो. तिथे बसू नका, पाणी पिऊन निघा. साडेआठच्या सुमारास वंदनच्या माथ्यावर याल. हवा स्वच्छ असेल तर वैराटगड, पांडवगड, कल्याणगड, जरंडेश्वर, लांबवर अजिंक्यतारा एकेक करून ओळखता येतो. खाली कृष्णेच्या खोऱ्यात धुकं भरून राहिलेलं असतं आणि हे सगळे डोंगर त्यातून बेटांसारखे वर आलेले. साठलेल्या थंड हवेबद्दल वर जे सांगितलं, ते इथे नुसत्या डोळ्यांना दिसतं. धुक्याची वरची कड जिथे संपते तिथवरच ती थंड हवा भरलेली.

खाणं इथेच. चढायच्या आधी चहा आणि एखादं केळं पुरे. माथ्यावर बाजरीची भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. संक्रांतीच्या आसपास गेलात तर भोगीची तीळ लावलेली भाकरी न्या, थंडीला तिच्यासारखं खाणं नाही. भाकरी फडक्यात बांधा, डब्यात घाम सुटून ती ओली होते. तुपाचे पदार्थ गारठून थिजतात आणि टाळूला चिकटतात, ते परतीला ठेवा. खिशात गूळ-शेंगदाणे असू द्या. थकल्या माणसाला भाषण न देता मूठभर हातावर ठेवले की तो चालायला लागतो.

तीन गोष्टी ज्यांत हयगय नको

कड्याला आणि बुरुजांच्या पोटात आग्या मोहोळं असतात. सकाळच्या गारठ्यात माश्या गपगार असतात, ऊन तापल्यावर सैल होतात. अत्तर, सेंट लावून येऊ नका, मोहोळाखाली आरडाओरडा करू नका, धूर तर अजिबात नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही. डोकं-तोंड कपड्याने झाकून तिथून लांब निघायचं, पण कड्याकडे पळत सुटायचं नाही.

दुसरी गोष्ट आग. जानेवारीत सगळा डोंगर पिवळा पडलेला असतो. एका बिडीच्या थोटकाने लागलेला वणवा रात्रभर जळतो आणि त्यात घरटी, सरडे, पुढच्या वर्षीची रोपं सगळं जातं. वर शेकोटी नाही, चूल नाही, सिगारेट नाही. चहा थर्मासमध्ये न्या. या बाबतीत मी मित्रांचाही मुलाहिजा ठेवत नाही.

तिसरी साप. थंडीत साप उन्हाला येतात, आणि घोणस तर वाळक्या गवतात पायाशी असली तरी दिसत नाही. तटाच्या दगडावर हात किंवा बूड टेकायच्या आधी काठीने ठोकून बघा. चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन करा. रेंज कुठे येते हे चढतानाच बघून ठेवलेलं असावं.

उतरताना

साडेअकराच्या आत चंदनही उरकून उतरायला लागा. हिवाळा असला तरी बाराचं ऊन कातळावर तापतं, आणि झाडी विरळ असल्याने सावली मिळत नाही. टोपी आता उन्हासाठी लागते.

घसाऱ्यावर अंग मागे टाकून चालू नका, त्यानेच पाय पुढे निसटतो. गुडघे किंचित वाकवा, पाऊल आडवं टाका, पावलं लहान ठेवा. दोघांत चार हातांचं अंतर, आणि दगड सुटला तर "दगड!" असं मोठ्याने ओरडायचं. कुणाचा गुडघा दुखायला लागला तर त्याची पिशवी लगेच दुसऱ्याने घ्यायची. तो "नको, चालेल" म्हणणारच, तरी घ्यायची. हाती काठी असेल तर उतरताना ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायला सांगा.

खाली आल्यावर ओले मोजे बदला. किकलीचं देऊळ निवांत बघा. वाटेत कुठे गुऱ्हाळ चालू असेल तर गरम काकवी घेऊन चाखा, ओळखीचा शेतकरी असेल तर हुरड्याचं आधीच सांगून ठेवा.

गाडी चालवणाऱ्याला परतीच्या वाटेवर झोप येते. पहाटे साडेचारला उठलेलं शरीर, पोटभर जेवण आणि दुपारचं ऊन. दोघं चालवणारे असावेत, किंवा निघायच्या आधी वीस मिनिटं झाडाखाली आडवं व्हावं. आणि ज्याचं घर सगळ्यात लांब, त्याचा "पोचलो" असा मेसेज ग्रुपवर आल्याशिवाय बाकीच्यांनी फोन बाजूला ठेवायचा नाही.